डांबराखालचा जोड

मला गाडीची हौस नव्हती. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं कोर्टात समोरच्या वकिलानं मला पहिला प्रश्न तोच विचारला होता. “बाई, मास्तरणीला मोटारीची हौस कशी काय सुचली?” बाकांवर बसलेली माणसं हसली होती. त्या हसण्याला आता खूप वर्षं झाली. माझा राग मात्र अजून उतरलेला नाही, आणि तो उतरावा असं मला वाटतही नाही.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षी आईच्या छातीतली गाठ निघाली. कोल्हापुरातल्या डॉक्टरांनी तिला मिरजेला पाठवलं. तिथं ऑपरेशन झालं आणि पुढं वर्षभर दर आठवड्याला सुई घ्यायला तिथंच जायचं असं ठरलं. घरात आम्ही दोघीच होतो. वडील मी कॉलेजात असतानाच गेलेले. मी लग्न केलेलं नव्हतं, मुलींच्या एका हायस्कुलात गणित शिकवत होते. पहिले दोन महिने आम्ही एस.टी.नं गेलो. जाताना काही वाटायचं नाही. येताना सुई अंगात भिनलेली असायची. गाडी खड्ड्यात आदळली की आई काखेतली जखम हातानं दाबून धरायची आणि ओकारी आली की तोंडात पदर कोंबायची. एकदा जयसिंगपूर सोडल्यावर ती पदरातच ओकली. शेजारची बाई नाक धरून उठून उभी राहिली. घरी आल्यावर आई म्हणाली, “आता म्या न्हाय यायची. काय व्हायचं ते हितंच हू दे.”

त्याच आठवड्यात मी मोटार चालवायच्या क्लासात नाव घातलं.

नवी गाडी माझ्या ऐपतीबाहेरची होती, आणि पैसे असते तरी तेव्हा नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागायचं. जुनीच बघायची होती. माझ्या नववीच्या वर्गात एक मुलगी होती, तिचे वडील कंत्राटदार होते. रस्ते, मोऱ्या, शाळांच्या खोल्या अशी सरकारी कामं घ्यायचे. पालकसभेत पहिल्या रांगेत बसायचे, शाळेला पंखे दिले होते, गावात त्यांना मान होता. बाई गाडीच्या शोधात आहेत हे त्यांच्या कानावर गेलं आणि एक दिवस ते शाळेच्या फाटकाशी थांबले.

“बाई, दलालाच्या नादाला लागू नका. कुठली तरी मोडकी गळ्यात मारतील. माझ्याकडं घरची गाडी आहे. आम्ही मोठी घेतली, ही नुसती उभी आहे. आईंसाठी पाहिजे ना? घेऊन जावा की.”

आईसाठी पाहिजे हे त्यांना ठाऊक होतं. हे लक्षात ठेवा, कारण मी ते कधी विसरले नाही.

माझे क्लासमधले मास्तर एकदा जाऊन गाडी चालवून आले. इंजिन चांगलं आहे, ब्रेक लागतात, म्हणाले. गाडीखाली कुणी वाकलं नाही. त्यांनी नाही आणि मीही नाही. दुसऱ्या दिवशी मी आईला घेऊन गेले, तिला मागच्या सीटवर आडवं होता येतं का ते बघायला. पांढरी, चार दारांची, स्वच्छ धुतलेली गाडी होती. आई आत बसली, पाय लांब केले आणि म्हणाली, “झ्याक हाय.” मी तेव्हा दार धरून उभी होते. मी कंत्राटदारांना सरळ विचारलं, “गाडीला कधी अपघात वगैरे झालाय का?”

“ओरखडासुद्धा नाही, बाई. तुमच्याशी खोटं बोलून मी कुठं जाऊ? माझी पोरगी तुमच्या वर्गात आहे.”

मग टाईप केलेला कागद आला. गाडी आहे त्या स्थितीत, पाहून व तपासून घेतली आहे, पुढं कोणतीही तक्रार चालणार नाही, असं त्यात होतं. सगळेच असं लिहितात, ते म्हणाले. मी सही केली. मुलींना उदाहरण वाचल्याशिवाय सोडवायला घेऊ नका म्हणून ओरडणारी मी, त्या कागदावर वाचून, समजूनसुद्धा सही केली. कारण माणूस समोर उभा होता आणि त्यानं शब्द दिला होता.

तीन खेपा नीट झाल्या. आई मागं उशी घेऊन निजायची. चौथ्या खेपेला मिरजेहून परत येताना, हातकणंगल्याच्या अलीकडं, समोरून उसाचा ट्रक आला म्हणून मी गाडी जरा कडेला घेतली. वेग काहीच नव्हता. डावं चाक रस्त्याच्या कडेवरून खाली उतरलं एवढंच. खालून कडकन आवाज आला, गाडी पुढून डावीकडं बसली, स्टिअरिंग माझ्या हातात असून नसल्यासारखं झालं आणि आम्ही रस्त्याकडेच्या चारीत जाऊन एका बाभळीला आदळलो. माझं कपाळ फुटलं. आई सीटवरून खाली पडली होती. तिनं हाक मारली नाही, ओरडली नाही. मी मागचं दार उघडलं तर तिचा खांदा भलत्याच ठिकाणी आला होता आणि ती खालचा ओठ दातांत धरून पडली होती.

ट्रकवाला थांबला, शेतातली माणसं धावत आली. त्यांनी आईला अलगद उचलून ट्रकच्या केबिनमध्ये बसवलं. देवमाणसं होती. त्यातलाच एकजण दुसऱ्याला म्हणाला ते मी ऐकलं, “बाईमाणूस चालवत हुतं न्हवं?” म्हणजे कारण सापडलं. त्यापुढं कुणी काही विचारलं नाही. मीही जन्मभर स्वतःला तेच सांगत राहिले असते, जर उद्यमनगरातले गॅरेजवाले मिस्त्री नसते.

गाडी ओढून त्यांच्याकडं नेली होती. साठीचे गृहस्थ, तोंडात कायम पान. दोन दिवसांनी त्यांनी मला शाळेत निरोप धाडला, येऊन बघून जावा म्हणून. मी गेले तर गाडी जॅकवर उचललेली होती. त्यांनी मला गाडीखाली वाकायला लावलं आणि बॅटरी मारली.

“ही चाशी. गाडीचा सांगाडा म्हणा. सगळी गाडी हिच्यावर उभी असती. आता हितं बघा.”

पुढच्या डाव्या चाकाजवळ सांगाड्याची पट्टी काडकन मोडलेली होती. मोडलेल्या जागी वरून एक पत्रा जोडलेला होता आणि तोही उसकटला होता. त्याच्यावर काळं, जाड डांबर.

“बाई, ही गाडी कधीतरी पालथी पडल्याली हाय,” ते म्हणाले. “चाशी तुटली, ती बदलायची सोडून वेल्डिंग केलंय. आज ना उद्या जाणारच हुती. तुमच्या जागी म्या असतो तरी चारीतच गेलो असतो.”

“आणि हे डांबर?”

“गंजू नये म्हणून लावत्यात की. पण लावायचं तर सगळीकडं लावत्यात.” त्यांनी बॅटरी दुसऱ्या बाजूला फिरवली. उजवीकडचा सांगाडा उघडा होता, धुळीनं भरलेला. “हितं जोडापुरतंच लावलंय. वीतभर.”

मी त्या गाडीपाशी ओल्या जमिनीवर बसून राहिले. चूक माझी नव्हती याचं समाधान आधी व्हायला हवं होतं. ते झालं नाही. कुणीतरी हातात ब्रश घेऊन, वाकून, नेमकं वीतभर जागेवर डांबर फासत बसलं होतं, आणि मग त्याच गाडीत माझ्या आजारी आईला बसवून बघू दिलं होतं.  

त्याच संध्याकाळी मी कंत्राटदारांच्या घरी गेले. त्यांनी चहा मागवला. माझं सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवत म्हणाले, “वाईट झालं. आईंना कसं आहे आता?”

“तुम्ही मला ओरखडा नाही म्हणाला होता.”

“बाई, जुनी गाडी म्हणजे जुनी गाडी. तुमचा मास्तर बघून गेला, तुम्ही बघितलीत, कागदावर सही आहे तुमची. शिकलेल्या आहात. आता आपटल्यावर माझ्या नावानं ओरडून कसं चालेल?”

“चाशी वेल्डिंग केलेली आहे. वरून डांबर लावलंय.”

“ते तुमच्या मिस्त्रीनं लावलं नसेल कशावरून?”

हे ते शांतपणे म्हणाले. आवाज चढवला नाही. चहाचा कप माझ्याकडं सरकवला. मी तो न पिता उठले. आजही मला वाटतं, तो निदान त्यांच्या अंगणात तरी ओतायला हवा होता.

पोलिसांकडं गेले. हवालदार म्हणाले, हे दिवाणी आहे, कोर्टात जावा. मुख्याध्यापिकाबाईंनी बोलावून समजावलं की पालकाशी भांडण शाळेला बरं दिसत नाही. धाकटे मामा म्हणाले, झालं गेलं सोड, गाडी दुरुस्त कर आणि तूही विकून टाक. कुणाला कळतंय? तेव्हा आईचा खांदा प्लास्टरमध्ये होता. ती अंथरुणातूनच ओरडली, “आणि दुसऱ्याच्या आईचा मोडू दे व्हय रं?”  तिनं माझ्याकडं बघून सांगितलं, “तू जा कोर्टात. म्या येती.”

मंगळवार पेठेत एक वयस्कर वकील होते. माझ्या वडिलांना ओळखायचे. त्यांनी आधी माझा सही केलेला कागद दोनदा वाचला आणि डोळ्यांवरचा चष्मा काढून ठेवला.

“बाई, खरं सांगू? कायदा तुमच्यापेक्षा त्यांच्या बाजूला जास्त झुकलेला आहे. वस्तू घेणाऱ्यानं आपली आपण तपासून घ्यावी, हा त्याचा पाया आहे. विकणाऱ्यानं आपल्या मालातले दोष उठून सांगितलेच पाहिजेत असं नाही. तो गप्प बसला तर नुसत्या गप्प बसण्याला फसवणूक म्हणत नाहीत.”

“म्हणजे गप्प बसून माणूस मारायला परवानगी आहे?”

“ओरडू नका, ऐका. गप्प बसणं वेगळं आणि झाकणं वेगळं. दोष माहीत असून तो मुद्दाम झाकला, किंवा तुम्ही सरळ विचारल्यावर खोटं सांगितलं, तर ती फसवणूक झाली. मग तो व्यवहार तुम्हाला मोडता येतो. कागदावर काहीही लिहिलेलं असलं तरी. फसवून घेतलेली सही त्याला वाचवत नाही. पण हे सगळं सिद्ध तुम्ही करायचं. त्यांना माहीत होतं हे तुम्ही दाखवायचं. डांबर त्यांच्याकडं असतानाच लागलं हे तुम्ही दाखवायचं. आणि ते म्हणतील, बाईंनी नुसतं वाकून बघितलं असतं तरी दिसलं असतं.”

“डांबराखालचं?”

“तेच आपण म्हणायचं,” ते म्हणाले, आणि पहिल्यांदा हसले.

त्यांनी मला बजावलं की गाडीला हात लावू नका, दुरुस्त करू नका, एक बोल्टसुद्धा हलवू नका, आणि लगेच नोटीस पाठवू या. दोष कळल्यावरही गाडी वापरत राहिलं तर ती पत्करली असं धरतात. मला हे कुणी आधी सांगितलं नव्हतं. गणितातली सगळी सूत्रं मला पाठ होती. ज्या कायद्यावर माझा रोजचा व्यवहार चालतो त्यातलं एक अक्षर मला ठाऊक नव्हतं. याचाही मला राग आला, माझाच.

नोटिशीला उत्तर आलं. गाडी आमच्याकडं असताना तिला कधीही अपघात झाला नाही, कसलंही वेल्डिंग केलेलं नाही. बाईंनी स्वतःच्या अननुभवानं गाडी आदळली आणि नंतर हे जोडकाम करून घेऊन खोटा आळ घेत आहेत.

या सगळ्यात त्यांची मुलगी माझ्या वर्गात होतीच. तिसऱ्या बाकावर बसायची. मी तिच्याकडं बघायचं टाळत होते, हे मी कबूल करते. वही तपासताना तिची वही आली की माझं पेन जड व्हायचं. एक दिवस मधल्या सुट्टीत ती माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. वेणीचं टोक बोटाला गुंडाळत होती.

“बाई, आजीला खूप लागलं?”

“लागलं. आता बरं आहे.”

“आम्हाला त्या गाडीत बसू द्यायचे नाहीत,” ती म्हणाली. “बाबा घाटातनं आल्यापासनं. दादानं एकदा नुसती चालू केली तर त्याला मारलं. म्हणाले, हिच्यात कुणी बसायचं नाही.”

एवढं बोलून ती रडायला लागली. मी तिला पाणी दिलं आणि वर्गात जायला सांगितलं. मग स्टाफरूमच्या मागं जाऊन भिंतीला टेकून उभी राहिले. स्वतःच्या मुलांना तो त्या गाडीत बसू देत नव्हता.

संध्याकाळी मी हे वकिलांना सांगितलं, आणि सांगताच चूक कळली. ते खुर्चीत पुढं सरकले. “हीच साक्ष. घाट, अपघात, त्यांना माहीत होतं, सगळं एका वाक्यात आलं. मुलीला समन्स काढू.”

“नाही.”

“बाई, याशिवाय तुमच्याकडं काय आहे? एक पान चघळणारे मिस्त्री आणि आजारी आई.”

“ती चौदा वर्षांची आहे. ती बापाविरुद्ध कोर्टात उभी राहिली तर रात्री जेवायला त्याच घरात जाणार आहे. मी शिक्षिका आहे तिची.”

ते चिडले. मग माझ्याकडं आलात कशाला, असं म्हणाले. त्यांचं खरं होतं. पण त्या माणसानं मुलीचं नाव वापरून मला गाडी विकली होती. मला तिचंच नाव वापरून केस जिंकायची नव्हती. मला एकच शब्द पुरेसा होता, घाट.

मिस्त्रींना मी घाटाचं सांगितलं तेव्हा त्यांनी पुन्हा गाडीखाली जाऊन तो जोड नीट निरखला. “हे कोल्हापूरचं काम न्हाय,” ते म्हणाले. “हितले जोड आसा भरत न्हाईत, गडहिंग्लजकडं भरत्यात. आंबोलीच्या घाटात पडली असंल तर गाडी वडून आधी गडहिंग्लजलाच आणली असणार.”

आम्ही दोघं लागोपाठ तीन रविवार एस.टी.नं गडहिंग्लजला गेलो. वेल्डिंगच्या दुकानामागून दुकानं पालथी घातली. तिसऱ्या रविवारी संकेश्वरच्या रस्त्याला एका पत्र्याच्या शेडमध्ये एक माणूस भेटला. निम्मं कानडी, निम्मं मराठी बोलणारा. गाडीचा रंग आणि नंबर सांगितल्यावर त्यानं लगेच हातातलं काम खाली ठेवलं.

“व्हय अक्का, मीच जोडली. पर मी सांगितलं हुतं मालकास्नी, ही तात्पुरती हाय, कोल्हापूरपत्तोर न्या आणि चाशी बदला. माणसं बसवू नका म्हणालतो.”

“डांबर तुम्ही लावलं?”

“मी कशाला लावीन? जोड झाकाय डांबर लावायचं म्हंजे माझं काम लपवायचं झालं की.”

साक्षीला या म्हटल्यावर मात्र तो मागं सरला. त्या कंत्राटदाराच्या ग्रिलची कामं त्याला मिळायची. मी त्याला खूप विनवलं नाही. नोटिशीचं उत्तर पिशवीतून काढून वाचून दाखवलं. गाडीला कसलंही वेल्डिंग झालेलं नाही, हे जोडकाम बाईंनी मागाहून करून घेतलं.

“म्हंजे माझ्याकडं गाडी आलीच न्हाय म्हणतोय?”

“तसंच लिहिलंय.”

तो आत गेला. आतून बिलांच्या कार्बन कॉप्यांचं एक पुस्तक घेऊन आला, तेलानं माखलेलं. त्यात गाडीचा नंबर होता, ‘चाशी जोड’ असं लिहिलेलं होतं आणि खाली कंत्राटदाराच्या दिवाणजीची सही होती. माझ्यासाठी तो कोर्टात आला नसता. स्वतःच्या हातानं केलेलं काम कुणीतरी नाकारतंय म्हणून तो आला.

केस चार वर्षं चालली. तारखेला जायचं, रजा टाकायची, दिवसभर बसायचं आणि पुढची तारीख घेऊन यायचं. मिस्त्रींच्या आवारात गाडी तशीच उभी होती, कोर्टानं नेमलेला माणूस येऊन पंचनामा करून गेला. माझ्या उलटतपासणीत मला लायसन्स कधी मिळालं, लग्न का केलं नाही, आईच्या आजारानं माझ्या मनावर परिणाम झालाय का, असं विचारलं. मी एकदा न्यायाधीशांकडं वळून म्हणाले, “साहेब, लग्नाचा आणि चाशीचा काय संबंध?” प्रश्न गाळला गेला. पण विचारला गेला होता, आणि ऐकणाऱ्यांनी ऐकला होता.

आईची साक्ष सगळ्यात लहान झाली. समोरचे वकील म्हणाले, “आजी, तुम्हाला आता सगळं आठवतंय का? वय झालंय.”

“वय झालंय, पर कान हायत. हिनं इचारलं, गाडीला लागलंय काय? ह्यो म्हणाला, वरखडा सुदिक न्हाय. म्या आत बसली हुती. दार उघडं हुतं.”

“तुमच्या लेकीनं शिकवलं असेल असं सांगायला.”

“माझ्या लेकीनं शिकीवलं असतं तर म्या सुद्ध बोलली असती,” आई म्हणाली. त्या दिवशी बाक हसले ते माझ्या बाजूनं.

निकाल आमच्या बाजूनं लागला. दोष माहीत होता, विचारल्यावर नाकारला, आणि हातानं झाकला, म्हणून व्यवहार रद्द. त्यांनी किंमत व्याजासह परत द्यायची, मी गाडी परत द्यायची. आईच्या मोडलेल्या हाडाबद्दल मात्र काही नाही. त्याचा वेगळा पुरावा पाहिजे होता म्हणे. मोडलेलं हाड पुरावा नव्हतं. त्यांनी अपील केलं, तेही पुढं दोन वर्षांनी फेटाळलं गेलं.

वकिलांनी पेढे मागवले. मी विचारलं, “गाडी त्यांच्या ताब्यात गेल्यावर ते ती पुन्हा विकतील. त्याचं काय?”

“तो प्रश्न आपल्या दाव्यात नव्हता.”

“मग कुणाच्या दाव्यात असणार? पुढं मरेल त्याच्या?”

 कायद्यानं मला माझं परत दिलं आणि त्याला त्याचा सापळा परत दिला. गाडी सोडायच्या आधीच्या रविवारी मी मिस्त्रींकडं गेले, जुनी साडी नेसून. घासलेट आणि पत्रा घेऊन त्या जोडावरचं उरलेलं सगळं डांबर खरवडून काढलं. मिस्त्री मदत करायला आले, त्यांना नको म्हटलं. मग तांबड्या ऑईलपेंटनं जोडाभोवती जाड गोल काढला. वकिलांना कळल्यावर त्यांनी कपाळावर हात मारला. समोरच्यांनी अर्ज केला की बाईंनी गाडी खराब करून दिली. न्यायाधीशांनी मला विचारलं, तांबडा रंग का लावला?

“दिसावं म्हणून, साहेब.”

अर्ज फेटाळला गेला.

पुढच्या वर्षी एका दुपारी शाळेत एक गृहस्थ आले. गारगोटीला त्यांचं किराणा दुकान होतं. धोतर, टोपी, हातात गाडीचं नोंदणीचं पुस्तक.

“नमस्कार बाई. एक गाडी बघितलीया, हिरवी. पुस्तकात मालकांची नावं वाचत बसलो. ह्यांनी तुमास्नी विकली आन् परत तुमच्याकडनं ह्यांनीच घेतली. आसं कोण करतंय? म्हणून इचाराय आलो.”

पांढरी होती, हिरवी केली होती. मी त्यांना निकालाची नक्कल दाखवली, वाचून दाखवली. त्यांनी हातातलं पुस्तक मिटलं. मग म्हणाले, “मला म्हणाला, घरची गाडी हाय, वरखडा न्हाय.”

अक्षर न् अक्षर तेच. सहा वर्षं कोर्टात जाऊन, हरून, त्या माणसानं वाक्यसुद्धा बदललं नव्हतं. पालकसभेला तो अजून पहिल्या रांगेत बसत होता, आता धाकट्या मुलीसाठी. शाळेत कुणी त्याच्याशी बोलणं सोडलं नव्हतं. माझ्याशी मात्र बरेचजण जपून बोलायचे, कारण मी कोर्टात जाणारी बाई होते.

गारगोटीच्या त्या गृहस्थांनी गाडी घेतली नाही. पण सगळेच पुस्तक वाचत बसत नाहीत, आणि वाचलं तरी अनोळखी बाईला शोधत कोल्हापूरला येत नाहीत. मी तेव्हा वाहनं नोंदवतात त्या कचेरीत अर्ज दिला. या नंबरच्या गाडीची चाशी तुटलेली आहे, कोर्टाचा निकाल सोबत जोडला आहे, तेवढी नोंद पुस्तकात करावी म्हणजे पुढचा घेणारा फसणार नाही. तिथल्या साहेबांनी मला बसायला खुर्ची दिली, निकाल वाचला, आणि अशी नोंद करायची तरतूद नाही असं सांगितलं. सभ्य माणूस होता. “तुमचं नाव आता या गाडीवर नाही, बाई,” ते म्हणाले. “तुम्ही कशाला त्रास करून घेता?”

नंतर ग्राहकांसाठी नवा कायदा आला. स्टाफरूममध्ये सगळे मला म्हणाले, आता तुमच्यासारख्यांचं सोपं झालं. मी मंगळवार पेठेत जाऊन विचारलं. वकील आता फार थकले होते. ते म्हणाले, दुकानदारानं विकलं तर लागेल. एका घरानं दुसऱ्या घराला विकलेल्या जुन्या गाडीला लागेलच असं नाही. आई तेव्हा होती. तिला हे सांगितल्यावर तिनं मला एवढंच विचारलं, “मग त्या गाडीत आता कोण बसतंय?”

मला माहीत नव्हतं. अजून नाही. एकदा दसरा चौकात एक हिरवी गाडी दिसली, मागं दोन बायका आणि एक तान्हं मूल. मी नंबर वाचायला धावले, रिक्षा मधे आली, गाडी स्टेशनकडं वळून गेली. ती दुसरीही असेल. मी तशीच पुढं त्या कचेरीत गेले आणि तरतूद नसेल तर ती का नाही, असा दुसरा अर्ज लिहून दिला. माझ्याकडच्या प्रतीवर पोचल्याचा शिक्का आहे. उत्तर आलेलं नाही.